भात सोडला, तरी वजन थांबलं: नागपूरच्या एका शिक्षिकेचं प्रकरण

वय ४५ वर्षं. उंची १५४ सेंटिमीटर, वजन ७२.४ किलो, कंबरेचा घेर ९६ सेंटिमीटर. उपाशीपोटी साखर १०८, एचबीएवनसी (गेल्या तीनेक महिन्यांतल्या साखरेची सरासरी सांगणारी तपासणी) ६.१, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) २१८, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) ३९. सोनोग्राफीत यकृतात चरबी, पहिल्या श्रेणीची. थायरॉइड व्यवस्थित, औषध कुठलंच चालू नाही. नंदनवन भागात राहणाऱ्या, प्राथमिक शाळेत शिकवणाऱ्या या बाई एप्रिलमध्ये माझ्याकडे आहारसल्ल्यासाठी आल्या, तेव्हा त्यांची स्थिती अशी होती. मधुमेह झालेला नव्हता, पण फार दूरही नव्हता. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

त्यांचा प्रश्न असा होता: "मॅडम, मी भात सोडला, पोळी सोडली, साखर सोडली. लघवीची पट्टी रोज जांभळी होते, म्हणजे चरबी जळते ना? मग वजन काऊन नाही उतरत?"

हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण कर्बोदकं आणि वजन यांबद्दलचा सगळा गोंधळ त्यात आहे. चरबी जळणं ही एक गोष्ट, अंगावरची चरबी कमी होणं ही दुसरी. पहिली घडत असताना दुसरी घडेलच असं नाही, आणि या बाईंच्या बाबतीत नेमकं तेच झालं होतं.

जानेवारीत त्यांचं वजन ७३.६ किलो होतं. मोबाइलवर पाहिलेल्या व्हिडिओंवरून त्यांनी धान्य, डाळी, फळं, साखर हे सगळं एका दिवसात बंद केलं. त्याऐवजी पनीर, चीज, अंडी, तूप घातलेली कॉफी आणि येताजाता काजू-शेंगदाणे सुरू झाले. यालाच 'कीटो' आहार म्हणतात. पहिल्याच आठवड्यात काटा २.३ किलोने खाली आला. पुढच्या तीन आठवड्यांत आणखी १.३ किलो गेले आणि मग काटा हलेनासा झाला. डोकं दुखायचं, रात्री पोटऱ्यांत गोळे यायचे, पोट साफ होत नव्हतं. शाळेत सलग दोन तास उभं राहून शिकवलं की अंगात त्राण उरत नसे. गुढीपाडव्याला दोन पुरणपोळ्या आणि कटाच्या आमटीसोबत थोडा भात खाल्ला, दुसऱ्या दिवशी नात्यातल्या लग्नाचं जेवण झालं, आणि तिसऱ्या दिवशी काटा १.८ किलोने वर. हे सांगताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "दोन पुरणपोळ्यांनी एवढी चरबी चढते?"

चढत नाही. अंगावरच्या एक किलो चरबीत सुमारे ७७०० कॅलरी असतात. १.८ किलो चरबी चढायची तर दोन दिवसांत गरजेपेक्षा जवळजवळ १४,००० कॅलरी जास्त पोटात जायला हव्यात. कोणत्याही लग्नात कोणी एवढं जेवत नाही. त्यांच्या अंगात परतलं होतं ते मुख्यतः पाणी. आपण खाल्लेल्या कर्बोदकांचा काही भाग ग्लायकोजेन म्हणून साठतो: यकृतात साधारण १०० ग्रॅम, स्नायूंमध्ये ३०० ते ४०० ग्रॅम, अंगयष्टीप्रमाणे कमी-जास्त. या प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे ३ ग्रॅम पाणी बांधलेलं असतं. कर्बोदकं बंद केली की काही दिवसांत हा साठा रिकामा होत जातो आणि त्याच्याबरोबर पाणीही जातं. दोन्ही मिळून दीड-दोन किलो सहज भरतात. पहिल्या आठवड्यातलं कौतुक बहुतांशी या पाण्याचं होतं, आणि पाडव्यानंतर आलं तेही तेच.

डोकेदुखी आणि गोळ्यांचा उगमही तिथेच आहे. इन्शुलिन खाली आलं की मूत्रपिंडं जास्त मीठ आणि पाणी बाहेर टाकतात. त्यात मार्च महिना, नागपूरचं ऊन, सकाळपाळीची शाळा सुटल्यावर स्कूटरवरून घर. घामातून जाणारं मीठ वेगळंच. अशा वेळी ताकसुद्धा "कर्ब आहे" म्हणून बंद केलेलं होतं.

आता पट्टीबद्दल. जेवणात कर्बोदकं आली की रक्तातली साखर वाढते आणि स्वादुपिंड इन्शुलिन सोडतं. इन्शुलिनचं एक काम साखर पेशींत पोचवण्याचं, आणि दुसरं, ज्याची चर्चा कमी होते, ते चरबीच्या पेशींमधून चरबी बाहेर पडणं रोखण्याचं. हे दुसरं काम इन्शुलिनच्या अगदी थोड्या पातळीवरही होतं. शिवाय साखर मुबलक असली की पेशीत मॅलोनिल-कोए नावाचा पदार्थ वाढतो आणि तो चरबीला मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीच्या भट्टीत, शिरू देत नाही. म्हणून पोहे खाल्ल्यावर पुढचे काही तास शरीर मुख्यतः साखर जाळतं आणि चरबी मागे पडते. श्वासातल्या वायूंवरून हे मोजताही येतं: शरीर निव्वळ कर्बोदकं जाळत असेल तर श्वसनाचा भागांक (सोडलेला कार्बन डायऑक्साइड भागिले वापरलेला ऑक्सिजन) १.० येतो, निव्वळ चरबी असेल तर ०.७ च्या आसपास. रात्रभर उपाशी राहिल्यावर सकाळी तो खाली असतो, पोटभर भातानंतर वर जातो. बाईंनी कर्बोदकं जवळजवळ शून्यावर आणल्यामुळे यकृत चरबीपासून कीटोन नावाचं पर्यायी इंधन बनवू लागलं होतं, ते लघवीत उतरत होतं आणि पट्टी जांभळी होत होती. तेवढं खरंच होतं.

पण ती चरबी कुठली, हे पट्टी सांगत नाही. त्या दिवसांतलं खाणं मी त्यांच्याकडून वाटी-चमच्याने लिहून घेतलं. दोन कप कॉफीतलं तूप, पनीर, चीज, आणि शंभर ग्रॅमच्या आसपास काजू-शेंगदाणे. एवढ्या सुक्या मेव्याच्याच ५७० ते ६०० कॅलरी होतात. सगळं मिळून आकडा १७५० च्या पुढे जात होता, आणि त्यांची दिवसाची गरज साधारण १८०० आहे. शरीर चरबी जाळत होतं, पण ताटातून आलेली. बँकेतून रोज पैसे काढायचे आणि रोज तितकेच भरायचे, तर पासबुकात व्यवहार भरपूर दिसतात, शिल्लक मात्र तिथेच राहते.

अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल यांच्या गटाने २०१५ मध्ये याच मुद्द्यावर एक काटेकोर प्रयोग प्रसिद्ध केला. १९ लठ्ठ व्यक्तींना संस्थेतच ठेवून त्यांच्या खाण्यातल्या ३० टक्के कॅलरी कमी केल्या, एका वेळी फक्त कर्बोदकांतून आणि दुसऱ्या वेळी फक्त चरबीतून, प्रत्येकी सहा दिवस. कर्बोदकं कमी केल्यावर चरबी जास्त जळाली, हे अपेक्षेप्रमाणे दिसलं. तरीही अंगावरची चरबी रोज सरासरी ५३ ग्रॅमनेच घटली, आणि खाण्यातली चरबी कमी केली तेव्हा ८९ ग्रॅमने. सहा दिवसांचा प्रयोग आयुष्यभराचा निकाल देत नाही, हे मान्य. पण "इन्शुलिन खाली ठेवा, कॅलरी विसरा" हा व्हिडिओंमधला दावा या एका प्रयोगापुढे टिकत नाही. लांब पल्ल्याचं उत्तर स्टॅनफर्डच्या २०१८ मधल्या अभ्यासात मिळतं: ६०९ जण, १२ महिने, एक गट कमी चरबीचा, दुसरा कमी कर्बोदकांचा, आणि दोघांनाही साखर व मैदा टाळून भाज्या वाढवायला सांगितलेलं. वजन घटलं ५.३ आणि ६.० किलो. हा फरक सांख्यिकीदृष्ट्या दखल घेण्याजोगा नव्हता.

उलट बाजूचा समजही इथेच तपासायला हवा, कारण तो घराघरात आहे: "भाताची चरबी होते." माणसाच्या शरीरात कर्बोदकांपासून थेट चरबी तयार होते, पण नेहमीच्या मिश्र जेवणात ती फार थोडी. खरा परिणाम आडवळणाने होतो. भरपूर भात-पोळी-साखर आली की शरीर ती जाळत बसतं आणि त्याच जेवणातलं तेल-तूप न जळता साठ्याला जातं. म्हणजे तर्री-पोह्यांच्या प्लेटीत पोहे जळतात आणि तर्रीवरचं तेल कंबरेला बसतं. मात्र इन्शुलिनला शरीर नीट दाद देत नसेल तर यकृतात साखरेपासून चरबी बनण्याचं प्रमाण वाढतं. ट्रायग्लिसराइड चढतं, यकृतात चरबी दिसते. बाईंच्या कागदांवर दोन्ही होतं. त्यामुळे त्यांना कर्बोदकं कमी करण्याचा सल्ला द्यायचाच होता, फक्त कारण पट्टीवालं नव्हतं.

आपल्या लोकांच्या अंगयष्टीचा इथे संबंध येतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचा आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी छापला होता. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा) २२.३, पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. भारतीयांसाठी २५ बीएमआयपासूनच लठ्ठपणा धरतात आणि बाईच्या कंबरेची मर्यादा ८० सेंटिमीटर मानतात, ती या कारणाने. आमच्या बाईंचा बीएमआय ३०.५ होता.

जानेवारीआधीचं ताट

कीटोपूर्वीचं नेहमीचं खाणं त्यांनी लिहून आणलं. सकाळी दोन चमचे साखरेचा चहा आणि बिस्किटं. नाश्त्याला पोहे, रविवारी बाहेरचे तर्री-पोहे. डब्यात तीन पोळ्या आणि आलूची भाजी. संध्याकाळी पुन्हा चहा, सोबत टोस्ट नाहीतर चिवडा. रात्री दोन पोळ्या, पातळ वरण आणि वाढून घेतलेला भात. दिवसाला साधारण १८५० कॅलरी आणि त्यात ३१० ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं, म्हणजे दोन-तृतीयांश ऊर्जा. प्रथिनं जेमतेम ४५ ग्रॅम.

हे ताट जगावेगळं नाही. आयसीएमआर-इंडियाब या मधुमेहाच्या देशव्यापी पाहणीच्या २०२५ मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार भारतीयांना सरासरी ६२ टक्के ऊर्जा कर्बोदकांतून आणि फक्त १२ टक्के प्रथिनांतून मिळते. त्याच अभ्यासातली आणखी एक गोष्ट आपल्याकडे मुद्दाम सांगायला हवी: एकूण कर्बोदकं तेवढीच ठेवून पांढऱ्या तांदळाऐवजी गहू किंवा भरडधान्य घेतल्याने मधुमेहाचा धोका कमी झालेला दिसला नाही, कर्बोदकांतलाच काही भाग डाळी, दूध-दही अशा प्रथिनांनी भरला तेव्हा दिसला. भात सोडून तीन भाकरी खाणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

ताटापेक्षा मला जास्त खटकले ते उपवास. दर सोमवार आणि चतुर्थी. या दिवशी आपण कमी खातो अशी बाईंची पक्की समजूत होती, आणि वजनासाठी म्हणून त्यांनी मध्यंतरी गुरुवारही धरला होता. उपवासाच्या दिवसाचा हिशोब केला तेव्हा सकाळी साबुदाण्याची खिचडी, दुपारी केळी, संध्याकाळी बटाट्याचा उपवासाचा चिवडा, रात्री भगर आणि दाण्याची आमटी, शिवाय दोन-तीन चहा. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च; १०० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात ८७-८८ ग्रॅम कर्बोदकं आणि प्रथिनं नावापुरती. खिचडीत पुन्हा तूप, दाणे आणि बटाटा. आठवड्यातले सर्वांत जास्त कर्बोदकांचे दिवस उपवासाचे होते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पोटात आग पडल्यासारखी भूक लागायची ती त्यामुळेच. श्रद्धेला हात लावायचा नाही, हे मी आधीच ठरवते. उपवास तसेच राहिले, वजनासाठी धरलेला गुरुवार सुटला. खिचडी अर्धी वाटी झाली, तिच्यासोबत वाटीभर घट्ट दही आलं, रात्री भगरीऐवजी राजगिऱ्याची एक भाकरी, काकडीची कोशिंबीर आणि ताक. सासूबाईंचा पहिला विरोध इथेच झाला, पण दही-ताक उपवासाला चालतं म्हटल्यावर तो मावळला.

काय बदललं

दिवसाला १४५० कॅलरींच्या आसपास, कर्बोदकं १६० ग्रॅम म्हणजे साधारण ४५ टक्के, प्रथिनं ७५ ग्रॅम. आकडे माझ्या कागदावर राहिले. त्यांना सांगितलं ते वाटीत. चहा दोन वेळा, अर्धा चमचा साखर. नाश्त्याला मुगाचं धिरडं किंवा दोन अंडी. पोहे हवेत तर मूठभर, आणि उकडलेला हरभरा त्याच्या दुप्पट, तर्री घरची, चमचाभर तेलाची. डब्यात दोन पोळ्या, बरबटी किंवा मटकीची उसळ, पालेभाजी. चार वाजता फुटाणे आणि ताक. रात्री आधी भाजी-कोशिंबीर, मग घट्ट वरण, शेवटी एक वाटी भात आणि पोळी नाही. भाजी व प्रथिनं आधी आणि भात-पोळी शेवटी घेतली तर जेवणानंतरची साखर कमी चढते, हे मोजून पाहिलेलं आहे, आणि त्याला एक पैसा लागत नाही.

भात पूर्ण बंद का केला नाही? कारण घरात पाच माणसं रोज वरणभात जेवतात आणि वाढणारी हीच बाई. सासूबाई म्हणाल्या, "भात नाही खाल्ला तर जेवल्यासारखं वाटते का?" जी गोष्ट वर्षभर पाळता येणार नाही, ती महिनाभर पाळून काय मिळतं हे त्यांनी मार्चमध्ये पाहिलंच होतं. आणि मोजलेल्या एका वाटी भातात ३०-३५ ग्रॅम कर्बोदकं असतात, ती या हिशोबात सहज बसतात.

प्रथिनं वाढवण्याचा फायदा त्यांना पहिल्याच पंधरवड्यात जाणवला: अकराच्या सुमारास वर्गात लागणारी भूक गेली. कर्बोदकं कमी करण्याचं खरं बळ मला इथे दिसतं. ताटातली जागा रिकामी होते, तिथे डाळ, उसळ, अंडं, दही येतं, पोट जास्त वेळ भरलेलं राहतं आणि माणूस न झगडता कमी खातो.

व्यायामात मोठं काही नव्हतं. मे महिन्यात पारा ४५ च्या घरात असताना अंबाझरी तलावावर पहाटे पोचणं त्यांना जमणारं नव्हतं. रात्री जेवण झाल्यावर गल्लीत वीस मिनिटं चालणं ठरलं. चालताना स्नायू इन्शुलिनच्या मदतीशिवायही रक्तातली साखर ओढून घेतात, म्हणून जेवणानंतरची वेळ. आठवड्यातून तीनदा खुर्चीवरून उठबस आणि पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणं, वजनासोबत स्नायू जाऊ नयेत यासाठी.

मे महिनाअखेर वजन ७०.९. त्या महिन्यात आमरस चालूच होता. तो असेल त्या जेवणात भात नाही, पोळी एकच, एवढा सौदा केला होता. जुलैअखेर ६९.२. मग श्रावण, पोळा, गणपती आणि महालक्ष्म्या. घरी महालक्ष्म्या बसतात, म्हणजे पुरण, सोळा भाज्या, आंबील, वडे, आणि महाप्रसाद उरतो तो दोन दिवस पुरतो. सप्टेंबरमध्ये काटा ६९.८ वर गेला. या वेळी त्या रडल्या नाहीत. पाणी किती आणि चरबी किती याचा अंदाज त्यांनी स्वतःच बांधला, दहा दिवस थांबून पुन्हा वजन केलं आणि नेहमीचं ताट सुरू ठेवलं. ऑक्टोबरअखेर वजन ६७ किलो, कंबर ८८.५ सेंटिमीटर, एचबीएवनसी ५.७, ट्रायग्लिसराइड १४१. एचडीएल ४१, म्हणजे फारसं हललं नाही. ते हलायला वेळ आणि जास्त हालचाल लागते. बीएमआय अजून २८ च्या वर आहे, कंबर अजून मर्यादेबाहेर आहे. काम अर्ध्यावर आहे असंच मी त्यांना सांगितलं.

साडेसहा महिन्यांत ५.४ किलो म्हणजे रोज सरासरी दोनशे-सव्वादोनशे कॅलरींची तूट. वाटीभर भात आणि दोन चहांतली साखर, इतकीच. ठरवलेली तूट याहून मोठी होती. सणवार, लग्नं आणि आमरस धरून प्रत्यक्षात एवढी उरली, आणि तेवढ्याने काम झालं.

या प्रकरणाचा एक भाग त्यांच्या यजमानांचा आहे आणि तो वगळून चालणार नाही. ते ५१ वर्षांचे, मधुमेह आहे, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड घेतात. बायकोचं वजन उतरताना पाहून त्यांनी कोणालाही न विचारता तेच ताट सुरू केलं, गोळ्या मात्र पूर्वीच्याच. आठवड्याच्या आत एका दुपारी ऑफिसात घाम फुटला, हात थरथरू लागले. ग्लुकोमीटरवर साखर ५८. सहकाऱ्याने साखरपाणी दिलं म्हणून निभावलं. ग्लिमेपिराइडसारखी गोळी ताटात काय आहे हे न पाहता इन्शुलिन सोडायला लावते, त्यामुळे कर्बोदकं कमी केली की साखर धोकादायक खाली जाऊ शकते. इन्शुलिनची इंजेक्शनं घेणाऱ्यांना हा धोका तितकाच आहे. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातल्या मधुमेहाच्या गोळ्या चालू असताना कर्बोदकं अगदी बंद केली तर रक्तातली साखर फार वाढलेली नसतानाही कीटोअॅसिडोसिस (कीटोन फार साठून रक्त आम्लधर्मी होणं) होऊ शकतो, आणि त्यात जीव जाऊ शकतो. गर्भवती आणि मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी तर घरच्या घरी असा बदल करूच नये. यजमानांच्या डॉक्टरांनी ग्लिमेपिराइडचा डोस अर्ध्यावर आणला, दोन आठवडे दिवसातून चार वेळा साखर तपासून घेतली, आणि त्यानंतर भात एकेका चमच्याने कमी करायला परवानगी दिली.